पानमळ्यात आईचा पाय

आमच्या घरात पान म्हणजे फक्त नागवेलीचं पान. बाकी झाडांना येतो तो पाला. आंब्याचा पाला, कडुलिंबाचा पाला आणि पाहुण्यांनी कितीही कौतुक केलं तरी केळीचाही पालाच. पुस्तकालाही पानं असतात हे शाळेत गेल्यावर कळलं, तेव्हा मला पुस्तकाबद्दल एकदम आदर वाटला. पुढे लग्न होऊन खामगावला आले. सासरी सगळी नोकरदार माणसं. तिथे ‘पानं घ्या’ म्हटलं की स्टीलची ताटं मांडायची असतात हे शिकायला दोन-चार दिवस गेले. स्टीलच्या ताटाला पान म्हणणारी माणसं आपल्याला समजून घेतील की नाही, अशी मला शंका होती. घेतलं तसं बऱ्यापैकी.

माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या बाजूला. तिकडे पानमळे आहेत. होते असंच म्हणायची वेळ आली आहे. शेवरी आणि हादग्याच्या ओळी, त्यांवर चढवलेल्या वेली, चारी बाजूंनी दाट कुंपण आणि आत जायला एक ताटी, म्हणजे काड्यांचं विणलेलं दार. ताटीपाशी चपला काढायच्या, पाय धुवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. वडील म्हणायचे, देवळात चपला घालून गेलात तर देव एखाद्या वेळी माफ करेल, वेल करायची नाही.

बाईनं तर आत जायचंच नाही. लहान मुलगी गेली तर चालायचं, म्हणून मी लहानपणी जाऊन आले होते. पण मुलगी मोठी झाली की तिचं जग ताटीच्या बाहेर संपायचं. सगळ्या गावात असं होतं का, मला माहीत नाही. काही घरांत फक्त पाळीचे दिवस पाळत. आमच्या घरात मात्र बाई ती बाई, सोळाची असो की साठीची. वेल बाटते, एवढंच कारण. त्यापुढे कोणी विचारलं तर ‘तुले काय करायचं’ हे उत्तर तयार असे.

गंमत अशी की खुडलेलं पान ताटीबाहेर आलं की त्याचं सगळं बायकांनीच करायचं. टोपल्या घरी यायच्या. आई आणि आजी ओल्या गोणपाटावर बसून एकेक पान निवडायच्या. मोठं वेगळं, कोवळं वेगळं, डाग पडलेलं वेगळं. देठ एका बाजूला करून चवड लावायची, पाणी शिंपडायचं, ओल्या फडक्यात बांधायचं. मग ती पानं बसच्या टपावरून नांदुऱ्याला जायची आणि तिथून रेल्वेत बसून कुठकुठे. पान एवढं फिरायचं. कुणाच्या सोयरिकीत सुपारीखाली, कुणाच्या पूजेत गणपतीखाली, कुणा लेकराच्या छातीवर एरंडेल लावून, शेकून. आईच्या हातून गेलेलं पान देवाला चालत होतं. आईचे पाय तेवढे चालत नव्हते. मला हे फार लवकर खटकायला लागलं आणि मी ते बोलूनही दाखवत असे. आजी म्हणायची, ‘ह्या पोरीले जीभ जास्त झाली.’ तिचं निदान बरोबर होतं.

पण आईची गोष्ट नुसत्या न जाण्याची नव्हती. ती एकदा आत गेली होती.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. वैशाखातल्या दुपारी आई मळ्याशेजारच्या गोठ्याच्या सावलीत बसली होती, कारण तिची पाळी होती आणि त्या दिवसांत घरात बसायची सोय नव्हती. पुरुष जेवून झोपले होते. वाऱ्याने ताटी निसटली आणि कुणाच्या तरी बकऱ्या आत शिरल्या. आईने हाका मारल्या, कोणी आलं नाही. मग ती उठली, आत धावली आणि बकऱ्या हाकलून बाहेर आली. ताटी पुन्हा बांधली. संध्याकाळी स्वतःच्या तोंडाने आजीला सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं का, हे मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘हाव, वाटलं होतं थोडं.’ मळा कसा होता, असंही मी विचारलं. तर म्हणाली, ‘मले कुठचा मळा? मले बकऱ्याच दिसल्या.’

त्याच वर्षी पावसाळ्यात वेलींची मुळं कुजली आणि बघता बघता निम्म्याहून अधिक मळा बसला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. आजीने ठरवून टाकलं की सुनेचा पाय लागला. पुढे मळा पुन्हा उभा राहिला, पण ते वाक्य घरातून गेलं नाही. पान बारीक आलं, सुनेचा पाय. विहिरीचं पाणी आटलं, सुनेचा पाय. एकदा तर म्हैस आटली तेव्हाही आजीने आईच्या पायांकडे पाहिलं होतं, मी साक्षीला आहे. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं तर त्यालाही काही सुमार असतो. आणि वडील? वडील मूग गिळून बसत. वडील मला आवडायचे, अजूनही आठवण आली की डोळे भरतात, पण या एका बाबतीत मी त्यांच्यावर रागावले होते आणि ते गेल्यावरही तो राग पूर्ण गेलेला नाही.

मी शिक्षिका झाले. वेलीच्या मुळाशी पाणी साचलं की बुरशी येते आणि मूळ कुजतं, हे मी वाचलं आणि मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘असन तुह्या पुस्तकात. पण मी त्या साली आत गेलतीच ना.’ मी दोन-तीनदा वेगवेगळ्या शब्दांत तेच समजावलं. उपयोग शून्य. तिला माझ्या पुस्तकावर अविश्वास नव्हता. बाकी जगात मूळ पाण्याने कुजत असेल, आपल्या मळ्यातलं आपल्या पायाने कुजलं, असं तिने मान्य करून टाकलं होतं. आजी गेली, वडील गेले, आता घरात कोणी ते वाक्य बोलत नव्हतं, तरी आई मळ्याकडे जाताना ताटीपासून चांगलं लांब थांबायची.

तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने मळा काढायचं ठरवलं. त्याला मी दोष देत नाही. पान खुडणारी माणसं मिळत नव्हती, पानठेल्यांवर बाहेरचं पान येऊन पडत होतं आणि तरुण पोरं पानाऐवजी पुड्या खात होती. त्याला संत्रा लावायचा होता. फोनवर त्याने मला हे सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण मी खामगावात बसून वाईट वाटून घेणार आणि तो उन्हात उभा राहणार, तेव्हा मी काही बोलले नाही.

बोलली आई. मी नागपंचमीला गेले होते. आमच्याकडे त्या दिवशी वेलीची पूजा असते. बायका घरात नैवेद्य करतात आणि पुरुष तो मळ्यात नेऊन वेलीला दाखवतात. त्या वर्षीची पूजा शेवटची, कारण हिवाळ्यात वेली निघणार होत्या. भावजयीने ताट वाढलं. भावाने हात पुढे केला, तर आईने ताट उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. आम्हाला वाटलं ताटीपर्यंत नेऊन देईल. ताटीपाशी तिने पाय धुतले. दोन्ही पाय, घोट्याच्या वरपर्यंत, नीट चोळून. तेव्हा भावाच्या लक्षात आलं आणि तो आडवा उभा राहिला.

तो काही वाईट माणूस नाही. त्याने हळू आवाजात सांगितलं की मा, लोक पाहतात, आणि आजवर झालं नाही ते आज कशाला. खरं म्हणजे तो घाबरला होता. शिकलेला आहे, मोबाइलवर संत्र्याचे भाव बघतो, पण घाबरला होता. ज्या वेली तो चार महिन्यांनी मुळासकट उपटणार होता, त्या बाटतील म्हणून घाबरला होता. मला हसावं की रडावं कळेना. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई बोलली.

‘तू कुदळ घेऊन जाशीन तं वेल बाटणार नाही अन् मी निवद घेऊन गेली तं बाटते? काऊन रे?’

तो बाजूला झाला. पूर्ण नाही, अर्धाच, पण आई बारीक आहे, तेवढ्यात मावली.

मी तिच्या मागोमाग गेले. भावजय बाहेर थांबली. आत बाहेरपेक्षा बराच गारवा असतो आणि पानांतून गाळून आलेला उजेड असतो. वेली माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या होत्या. आईने ताट खाली ठेवलं आणि एका ओळीतून चालत गेली, मग दुसऱ्या ओळीतून परत आली. जी पानं ती आयुष्यभर निवडत आली, ती वेलीवर कशी बसलेली असतात ते ती बघत होती. एका पानाला तिने खालून हात लावला, तोडलं नाही. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, ‘लय दाटी केली ह्यानं. हवा कशी खेळन?’ आणि नैवेद्य दाखवून बाहेर आली.

बाहेर येऊन तिने भावाला सांगितलं की सगळा मळा काढ, संत्रा लाव, माझी ना नाही, पण ताटीजवळच्या तीन ओळी ठेव. एक साल. त्या ओळींत मी रोज जाईन. वेल मेली तर मेली, मग मीच म्हणेन की माझा पाय वाईट.

‘अन् नाही मेली तं?’ मी विचारलं.

‘तं मंग तो मळा कायनं मेला, ते मले कयलं पाहिजे,’ ती म्हणाली.

भाऊ माझ्याकडे बघायला लागला, जसं काही हे मीच शिकवलं होतं. मी शपथेवर सांगते, मी नव्हतं शिकवलं. माझ्या पुस्तकाने जे झालं नाही, ते ती स्वतः तपासून बघणार होती. आणि तिचं तपासणं माझ्यापेक्षा कडक निघालं. मी परत निघताना तिने भावजयीला बोलावलं आणि म्हणाली, तूही यायचं, आणि पाळीच्या दिवसांत तर नक्की यायचं. भावजय लाजली, मग घाबरली. आई म्हणाली, ‘मी त्या दिवशी तशीच होती बाई. अर्धी परीक्षा घेऊन काय करू?’ भावजयीने पदर खोचला आणि हो म्हणाली. त्या दिवसापासून भावजय मला जास्त आवडायला लागली.

हिवाळ्यात मळा निघाला. ताटीजवळच्या तीन ओळी तेवढ्या उरल्या, त्यांच्याभोवती भावाने कुरकुर करत का होईना, नवं कुंपण करून दिलं. गावात बोलणं झालंच. म्हातारीचं डोकं फिरलं इथपासून सुरुवात झाली. एक नात्यातले म्हातारे मुद्दाम समजवायला आले, त्यांना आईने चहा दिला आणि त्याच तीन ओळींतलं पान लावून दिलं. त्यांनी ते तोंडात टाकलं. कुठल्या वेलीचं ते आईने पान तोंडात रंगल्यावर सांगितलं. म्हाताऱ्यांना थुंकावं की गिळावं कळेना, असं भावजयीने मला फोनवर हसत हसत सांगितलं.

मी दर आठवड्याला फोन करायची. नातवंडांची चौकशी करावी तशी वेलींची चौकशी करायची. उन्हाळ्यात पानं थोडी पिवळी पडली तेव्हा आई दोन दिवस नीट जेवली नाही. मी म्हटलं, ऊन आहे, सगळ्यांचीच पडतात. ती म्हणाली, ‘माहीत हाये.’ पण आवाज वेगळा होता. मला तेव्हा भीती वाटली. आपण तिला हे करू दिलं, आणि उद्या खरोखरच काही रोग येऊन वेल गेली तर ही बाई उरलेलं आयुष्य काय घेऊन जगेल? तिला थांबवावं असं माझ्या मनात आलं. पण थांबवणारे तिच्या आयुष्यात पुष्कळ होऊन गेले होते, त्यांत आणखी एकीची भर कशाला. पाणी दिल्यावर पानं सावरली.

पुढचा श्रावण आला. मी नागपंचमीच्या आदल्या दिवशी पोहोचले आणि पाऊस जो लागला तो थांबायचं नाव घेईना. भाऊ कामाला नांदुऱ्याला गेला होता, नदीला पूर आल्याने बस बंद झाली आणि तो तिकडेच अडकला. सकाळी मी उठून पाहते तर आई अंगणात नाही. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ती मळ्याच्या ताटीपाशी उभी होती. मी आणि भावजय तिच्यामागे धावलो.

तिन्ही ओळींत पाणी साचलं होतं. पाणी बाहेर काढणारा चर गाळाने बुजला होता आणि वेलींचे बुंधे पाण्यात उभे होते. आईने ताटी उघडली आणि आम्हाला फावडी आणायला सांगितलं. भावजयीचा तेव्हा पाळीचा दुसरा दिवस होता. ती सगळ्यात आधी आत उतरली. आम्ही तिघी ओळीने चर मोकळा करायला लागलो. चिखल जड होता, पाऊस तोंडावर मारत होता, माझे हात लगेच सोलले, पण मी थांबले नाही, कारण त्या दोघी थांबत नव्हत्या. शेवटी गाळ फुटला आणि पाणी खळखळत खालच्या शेताकडे जायला लागलं.

तेव्हा आई थांबली. फावड्यावर दोन्ही हात ठेवून ती वाहत्या पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं दम लागला असेल. मी जवळ गेले.

‘असंच होतं,’ ती म्हणाली. ‘त्या सालीबी असंच पाणी साचलं होतं.’

ती सावकाश, आठवून आठवून सांगायला लागली. बकऱ्यांची भानगड होऊन गेल्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. आजोबा आणि वडील नदीपलीकडे एका तेराव्याला गेले होते आणि पुरामुळे तिकडेच अडकले होते. घरात आजी आणि आई, दोघीच. मळ्यात पाणी भरलेलं ताटीतून दिसत होतं. कोणी पुरुष मिळतो का म्हणून आजी गावात जाऊन आली, तर ज्याचं त्याचं शेत बुडत होतं. दोघी परत येऊन ताटीपाशी उभ्या राहिल्या. दिवसभर. दुसऱ्या दिवशीही. पुरुष परत आले तोवर मुळं सडायला लागली होती. ही गोष्ट आईने मला कधीच सांगितली नव्हती. लपवली नव्हती, तिला ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. घरातल्या सगळ्यांना आठवत होता तो बकऱ्यांचा दिवस.

‘आत जाऊन चर काढाले किती वेळ लागला असता?’ तिने मला विचारलं. मग उत्तराची वाट न बघता चराकडे बोट केलं. ‘एवढाच.’

भावजय काम थांबवून ऐकत होती. पाऊस पडतच होता. इतकी वर्षं मी आईच्या वतीने आजीवर रागावले होते आणि त्या क्षणी मला तो राग कुठे ठेवावा कळेना. मला दिसत होत्या त्या दोघी, एक सासू, एक नवी सून, भिजत उभ्या. मळा डोळ्यांसमोर सडतोय आणि मधे काड्यांची एक ताटी, जी कुणीही एका हाताने उचलून बाजूला ठेवेल.

‘मी आत गेली म्हणून नाही मेला तो मळा,’ आई म्हणाली. ‘मी आत गेली नाही म्हणून मेला.’

ती रडत होती. पावसात ते कळत नव्हतं, पण आवाजात कळत होतं. मी तिला धरायला गेले तर तिने हाताने मला थांबवलं, कारण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

‘अन् तुह्या आजीच्या हातात फावडं होतं,’ ती म्हणाली. ‘दोन दिवस ती फावडं धरून उभी होती.’

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा वाकली. तिसऱ्या ओळीतलं पाणी अजून काढायचं होतं.